गावाला मिळणारे बक्षीस

लोकांनी आपल्याच अडचणीवर शोधलेल्या तोडग्याला पुरस्कार द्यायचा ठरवले, की तो नेमका कोणाला द्यायचा हा प्रश्न आधी उभा राहतो. महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरे रुजली. पहिले उत्तर व्यक्तीचे किंवा संस्थेचे. अमेरिकेतील मराठी मंडळींनी उभारलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे समाजकार्य पुरस्कार, राज्य शासनाचे कृषिभूषण, नाना प्रतिष्ठानांचे जीवनगौरव ही त्याची रूपे. दुसरे उत्तर गावाचे. यात मानपत्रावर ग्रामपंचायतीचे नाव असते, रक्कम सार्वजनिक कामाला लागते आणि गुण मिळवायला घराघरातून माणसे बाहेर पडावी लागतात. हे दुसरे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने जेवढे वापरून पाहिले तेवढे देशात क्वचितच कुठे वापरले गेले असेल. म्हणून त्याने काय साधले आणि त्याच्या हातून काय निसटले, हे इथल्या अनुभवावरून बऱ्यापैकी स्पष्ट सांगता येते.

स्पर्धा सुरू होण्याआधी नमुन्याचे गाव दाखवण्याची रीत होती. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) राळेगणसिद्धीच्या पाणलोट कामाच्या अनुभवावर राज्याने 1992 मध्ये आदर्श गाव योजना आखली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही तिची पंचसूत्री. पुढे तिच्यात लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी यांची भर पडली. हिवरे बाजारची या योजनेत 1994 मध्ये निवड झाली. पावसाचे मोजमाप करून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे आणि सिंचनासाठी बोअरवेल खोदायची नाही, हा त्या गावाचा नियम पाहायला जगभरातून अभ्यासक आले. एरवी पाणी ही ज्याची विहीर त्याची खासगी बाब मानली जाते. ती सगळ्यांच्या हिशेबात आणणे हा खरा सामाजिक प्रयोग होता. मात्र आदर्श गाव ही निवड होती, चढाओढ नव्हे. शेजारच्या गावाने हिवरे बाजारला जाऊन यावे, कौतुक करावे आणि घरी परतल्यावर आपल्याकडे तसे नेतृत्व नाही असे म्हणून गप्प बसावे, असे पुष्कळदा घडले.

2000-01 मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने ही कोंडी फोडली. नाव साजेसे होते. गाडगेबाबा (1876-1956) गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते झाडत, आणि कीर्तन संध्याकाळी होई. अभियानाची खरी ताकद मात्र पैशाचा क्रम उलटवण्यात होती. त्याआधी शौचालयांसाठी शासन घरटी अनुदान देई. बांधकामे होत, पण त्यातल्या अनेकांत सरपण, गोवऱ्या नाहीतर शेतीची अवजारे ठेवलेली दिसत. नव्या अभियानात आधी गावाने काम करायचे, मग तपासणी आणि शेवटी जिंकणाऱ्यालाच बक्षीस असा क्रम लागला. पैसा एका घराला मिळत नव्हता, साऱ्या गावाला मिळत होता. त्यामुळे उघड्यावर बसणारे एक कुटुंब हा सगळ्या आळीचा प्रश्न झाला.

तपासणीच्या पायऱ्या तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा होत्या. बाहेरचे पथक येणार म्हटल्यावर गावाचे रूप काही आठवड्यांत पालटे. उकिरडे गावाबाहेर जात, गटारे वाहती होत, भिंतींवर म्हणी आणि अभंग रंगवले जात, पडकी शाळा दुरुस्त होई. लोकवर्गणी आणि श्रमदान धरले तर बऱ्याच गावांनी केलेला खर्च मिळू शकणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त होता, आणि भाग घेणाऱ्या हजारो गावांपैकी बक्षीस मोजक्यांनाच मिळणार हे सर्वांना ठाऊक होते. तरीही लोक राबले, कारण पलीकडच्या गावाचे नाव यादीत लागले आणि आपले लागले नाही ही बोच रकमेपेक्षा मोठी होती. एरवी भावकीत आणि गटातटात विभागलेले गाव तपासणीच्या दिवशी एक होई. बचत गटाच्या बायका, तरुण मंडळाची पोरे, भजनी मंडळ, शाळेचे मास्तर अशा साऱ्यांना त्यात काम होते. अभियानात सामाजिक ऐक्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा, स्वच्छ शाळेसाठी साने गुरुजींच्या नावाचा आणि अंगणवाडीसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा पुरस्कार जोडला गेला. स्वच्छतेचा अर्थ केरकचऱ्यापुरता राहू नये, ही त्यामागची समज मोलाची होती.

केंद्र सरकारने 2003 मध्ये जाहीर केलेला निर्मल ग्राम पुरस्कार याच विचारावर उभा होता. हागणदारी पूर्ण संपवलेल्या पंचायतीला लोकसंख्येनुसार रक्कम मिळे. पहिले पुरस्कार 2005 मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दिले गेले, तेव्हा देशभरातून 40 च्या आसपास पंचायती निवडल्या गेल्या होत्या. दोनच वर्षांनी हा आकडा काही हजारांवर गेला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. संख्या एवढ्या वेगाने वाढली की तपासणी ढिली पडली. युनिसेफने 2008 च्या सुमारास पुरस्कारप्राप्त गावांची पाहणी केली तेव्हा प्रत्येक घर शौचालय वापरते असे चित्र फार थोड्या गावांत टिकलेले आढळले. बाकीच्या गावांत शौचालये उभी होती, पण कुठे पाणी नव्हते, कुठे खड्डा भरला होता, कुठे नवीन सून आणि म्हातारी माणसे वापरत होती आणि पुरुष शेताकडेच जात होते. एकदा मिळालेला पुरस्कार परत जात नसल्याने गावाला त्याची काळजी राहिली नाही.

याच काळात एक कटू बाबही पुढे आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणारी गुड मॉर्निंग पथके, शिट्ट्या, गुलाबाची फुले देऊन भर रस्त्यात होणारी लाजिरवाणी थट्टा, रेशन किंवा दाखले अडवण्याच्या धमक्या यांचा भार कोणावर पडला? ज्याच्याकडे शौचालयापुरतीही जागा नव्हती त्या भूमिहीनावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीवर आणि अंधार पडण्याची वाट पाहणाऱ्या बायकांवर. सगळ्या गावाला एकच गुणपत्रिका मिळाली की सर्वांत दुबळे घर गावाच्या यशातला अडथळा वाटू लागते. सामूहिक पुरस्काराचा हा दोष अपघाताने आलेला नाही. तो त्याच्या रचनेतच आहे, आणि त्यावर उपाय योजणे पुरस्कार देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम याच धाटणीची होती, पण विषय अधिक नाजूक. गावातले दिवाणी, महसुली आणि तडजोडयोग्य फौजदारी वाद ग्रामसभेने नेमलेल्या समितीने सामोपचाराने मिटवायचे, नवे वाद होऊ द्यायचे नाहीत, सण-उत्सव शांततेत पार पाडायचे आणि त्यावर गुण मिळवायचे, अशी ती कल्पना. बांधाच्या, पाणंद रस्त्याच्या आणि वाटणीच्या भांडणांत कोर्टाच्या तारखांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांना तिचा दिलासा मिळाला. काही समित्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून तरुण जोडप्यांची लग्ने लावून दिली. पण मिटलेल्या तंट्यांच्या संख्येवर गुण अवलंबून असले की तक्रारच नोंदवू नको, असा दबाव दुबळ्या बाजूवर येतो. नवऱ्याच्या मारहाणीची किंवा जातीय अत्याचाराची तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला गावाच्या नावासाठी गप्प बसवले गेले, तर त्याला शांतता म्हणता येणार नाही. म्हणून असे गुन्हे समितीच्या कक्षेबाहेर ठेवणे ही कायद्याची गरज आहे आणि न्यायाचीही.

स्पर्धेचे सर्वांत गाजलेले रूप मात्र शासनाबाहेर घडले. 2016 मध्ये स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशनने त्याच उन्हाळ्यात सत्यमेव जयते वॉटर कप भरवला. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि अंबेजोगाई या तीन तालुक्यांतली 116 गावे उतरली आणि सातारा जिल्ह्यातील वेळू पहिले आले. 2017 मध्ये 30 तालुके, 2018 मध्ये 75 तालुके अशी ती वाढली. 2019 च्या शेवटच्या स्पर्धेत बार्शी तालुक्यातील सुर्डी विजयी झाले. मुदत 45 दिवसांची, तीही ऐन एप्रिल-मेच्या उन्हात. पहाटे आणि रात्री टॉर्चच्या उजेडात माणसे समतल चर खणत, दगडी बांध घालत, शेतांची बांधबंदिस्ती करत. मुंबई-पुण्याला गेलेली मुले महाराष्ट्र दिनाच्या श्रमदानाला गावी परतत.

वॉटर कपने आधीच्या अभियानांपेक्षा एक गोष्ट ठामपणे वेगळी केली, ती म्हणजे स्पर्धेआधी शिकवणे. गावाने निवडलेल्या स्त्री-पुरुषांना चार दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळे. पाणलोट म्हणजे काय, माथ्यापासून पायथ्याकडे काम का करायचे, चराची आखणी साध्या उपकरणाने कशी करायची आणि गावातली भांडणे बाजूला ठेवून माणसे एकत्र कशी आणायची, हे ते शिकून येत. श्रमदानाचे उद्दिष्ट लोकसंख्येशी जोडलेले असल्याने लहान गावालाही संधी होती. 2017 चे पहिले बक्षीस वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या काकडदरा या चिमुकल्या कोलाम आदिवासी गावाने मिळवले, ही या स्पर्धेतली बहुधा सर्वांत बोलकी घटना. पैसा, यंत्रे आणि राजकीय वजन असलेल्या मोठ्या गावांच्या पुढे ते गाव केवळ खांद्याच्या बळावर गेले.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. 2018 चा पावसाळा मराठवाड्यात आणि इतरत्र फसला, राज्याला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला आणि नवे खणलेले चर कोरडे राहिले. घनमीटरमध्ये काम मोजले की पोकलेनने अधिकाधिक खोदण्याचा मोह होतो. मातीचा प्रकार आणि खालचा खडक मागे पडतो, असा आक्षेप भूजलाच्या जाणकारांनी घेतला. साठलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न तर तसाच राहिला. चर भूमिहीन बाईनेही खणला, पण पाणी चढले ते विहीर असणाऱ्याच्या विहिरीत. ताळेबंदाचा आणि पीकपद्धतीचा निर्णय गावाने घेतला नाही, तर वाढलेले पाणी दोन-तीन हंगामांत उसाला जाते. फाउंडेशनने नंतर समृद्ध गाव स्पर्धा आणि शेतकरी गटांसाठी फार्मर कप सुरू केला. एका उन्हाळ्याच्या झटक्यापेक्षा लांब पल्ल्याचे काम हवे, हे त्यातून मान्य झाले.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, जून 2021 मध्ये, राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसुली विभागात तीन गावांना 50, 25 आणि 15 लाख रुपये असे तिचे स्वरूप होते. ती सुचली कारण हिवरे बाजार, सोलापूर जिल्ह्यातील घाटणे आणि अंत्रोळी या गावांनी पथके नेमून, विलगीकरणाची सोय गावातच करून साथ आधीच रोखून दाखवली होती.

या आढाव्यातला कळीचा मुद्दा इथे दिसतो. कल्पना आधी गावात जन्मते, मग तिचे निकष होतात आणि मग त्या निकषांवर पुरस्कार ठरतो. ग्रामपुरस्कार माहीत असलेली चांगली गोष्ट हजारो ठिकाणी पोचवतो आणि ते काम तो उत्तम करतो. नवी गोष्ट हुडकणे मात्र त्याला जमत नाही, कारण जी अजून कोणी केलेलीच नाही तिच्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नसतो. गेल्या काही वर्षांतले राज्यातले सर्वांत अस्सल सामाजिक प्रयोग पाहिले की हे पटते. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात होणार नाही, असे ठरले. दोन आठवड्यांत, 17 मे रोजी, ग्रामविकास विभागाने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करायचा असे ठरले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत मुरवले, उघडी गटारे नाहीशी केली आणि डास घालवले. ती पद्धत नांदेड पॅटर्न म्हणून इतरत्र गेली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर वेळेवर भरणाऱ्याला दळण मोफत दिले आणि करवसुलीचा जुना तिढा सोडवला. यांतल्या पाटोद्याला पुढे अनेक पुरस्कार मिळाले, पण दळणाची युक्ती कोणत्याही निकषातून आलेली नव्हती.

नव्या कल्पना शोधण्याचा अनुभव वेगळ्या परंपरेत सापडतो. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले हनी बी नेटवर्क आणि 2000 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांनी अर्जांची वाट न पाहता शोधयात्रा काढल्या. खेड्यापाड्यांतून पायी जायचे, कारागीर, शेतकरी, वैदू यांच्याकडून नोंदी घ्यायच्या, कल्पना त्यांच्याच नावावर नोंदवायची, तपासायची आणि मगच गौरवायची, ही त्यांची पद्धत. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात आपल्या शेतात निवड करून एचएमटी हे भाताचे वाण घडवले. ते पूर्व विदर्भाबाहेर अनेक राज्यांत पसरले, पण निर्मात्याचे नाव त्याबरोबर गेले नाही. प्रतिष्ठानाच्या पुरस्काराने ते नाव लोकांपुढे आले. तरीही 2018 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची हलाखी संपलेली नव्हती. मान्यता आणि निर्वाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुरस्कार बहुधा पहिलीच देतो.

कल्पनेला वेळ लागतो, हेही इथेच नोंदवायला हवे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत घडवली. 1999 मध्ये लॅन्सेटमधून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती शासनाने 2011 मध्ये आणली. हे काम बारा महिन्यांच्या कोणत्याही स्पर्धेत बसले नसते. त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीच्या निर्णयांतून जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळवला. सहमती होईपर्यंत थांबायचे, हा त्या गावाचा बाणा. मुदतीत गुण मिळवण्याच्या घाईशी तो अगदी विसंगत आहे.

म्हणून तालुक्याच्या किंवा शहराच्या पातळीवर कल्पनांसाठी पुरस्कार काढणाऱ्याने घडी वेगळी घालायला हवी. अर्ज मागवण्याबरोबर वस्त्यांवर जाऊन विचारावे लागेल, कारण ज्यांच्याकडे उत्तर असते त्यांना अर्ज लिहिता येतोच असे नाही. निवडलेल्या कल्पनांना एकदम मोठी रक्कम न देता करून पाहण्याइतके पैसे आणि एक जाणकार सोबती द्यावा. मोठे बक्षीस वर्षभराच्या वापरानंतर द्यावे. परीक्षकांत सरपंच आणि अधिकारी असावेत, तसेच ज्यांच्यासाठी तो प्रयोग आहे ते लोकही असावेत. पाण्याच्या कल्पनेला हंडा वाहणारी बाई गुण देणार असेल, तर निकाल बदलेल. फसलेल्या प्रयोगाची नोंदही छापावी, म्हणजे दुसरे गाव तीच चूक करणार नाही. आणि शेजारच्या किती गावांनी ती कल्पना उचलली, याला स्वतंत्र गुण असावेत. जिंकलेले गाव मग आपली युक्ती लपवणार नाही, ती शिकवायला जाईल.

शहरांत समूहाला बक्षीस देण्याची ही रीत कमी रुजली. पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेतली आणि मुंबईत 1997 पासून वस्तीपातळीवर कचऱ्याचे नियोजन करणारे रहिवाशांचे गट उभे राहिले. पण शहरात गावासारखी हद्द आणि ग्रामसभा नसल्याने बक्षीस कोणत्या समूहाला द्यायचे हेच ठरत नाही. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये संघटना बांधली आणि तिच्यातून पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था आली. तिथे समूह राहण्याच्या जागेवरून ठरला नाही, कामावरून ठरला. शहरी पुरस्कारांना हा धागा उपयोगी पडेल.

गावांच्या बक्षिसांच्या रकमा मात्र वाढतच गेल्या आहेत. 2020 मध्ये पंचमहाभूतांवर आधारलेले माझी वसुंधरा अभियान सुरू झाले, स्मार्ट ग्राम योजनेला आर. आर. पाटील यांचे नाव मिळाले, आणि 2025 च्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी 5 कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. बक्षीस एवढे मोठे झाले की सल्लागार नेमून कागद सजवण्याची आणि जिंकणारी गावे पुन:पुन्हा जिंकण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात 27 हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कधीच पहिला क्रमांक मिळणार नाही. त्यामुळे एका गावाला कोट्यवधी देण्यापेक्षा ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येक गावाला थोडे देणे आणि त्यातला निम्मा हप्ता दोन वर्षांनंतरच्या, आधी न कळवता केलेल्या फेरतपासणीपर्यंत राखून ठेवणे अधिक न्याय्य ठरते. ती फेरतपासणी पहिल्या पथकाने करू नये. रकमेचा खर्च ग्रामसभेत वाचून दाखवला जावा आणि फेरतपासणीची सुरुवात गावाच्या कमानीपासून न होता शेवटच्या वस्तीपासून व्हावी.